तक्रारीच्या अर्जात पर्याय एकच, भेदभाव मात्र तिहेरी : अशी तक्रार कशी हाताळावी?

खाडीकाठची (ऐरोली)

नमस्कार. मी ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करते. कायम आणि कंत्राटी मिळून आमच्याकडे सुमारे 240 माणसे आहेत. तक्रार निवारणाच्या पद्धतीचा मसुदा नव्याने लिहिण्याचे काम सध्या माझ्याकडे आले आहे. ज्या प्रकरणामुळे ते आले, ते मात्र मला अजून उलगडलेले नाही. संबंधित ताईंची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असा तपशील बदलून ते येथे मांडते.

या ताई पॅकिंग विभागात 11 वर्षे आहेत. त्यांपैकी पहिली सहा कंत्राटदाराकडे आणि पुढची पाच कायम नोकरीत. त्या अनुसूचित जातीच्या आहेत आणि लहानपणी झालेल्या पोलिओमुळे डाव्या पायाला कॅलिपर लावून चालतात. लाइन लीडरच्या जागेसाठी त्यांनी तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा त्यांना डावलण्यात आले.

आमच्या संगणकावरील अर्जात ‘तक्रारीचा प्रकार’ असा रकाना आहे आणि त्यात एकच पर्याय निवडता येतो. ताईंनी आधी ‘दिव्यांगत्व’ निवडले. त्यावर उत्तर आले की, भांडार विभागातील एका दिव्यांग कर्मचाऱ्याला मागच्याच वर्षी बढती मिळाली आहे, त्यामुळे दिव्यांग म्हणून डावलल्याचे दिसत नाही. नंतर त्यांनी ‘जात’ निवडली, तेव्हा दोन लाइन लीडर त्यांच्याच समाजाचे असल्याकडे बोट दाखवण्यात आले. शेवटी ‘स्त्री’ निवडल्यावर अर्ज अंतर्गत समितीकडे गेला. हा लैंगिक छळाचा प्रकार नसल्याने विषय आपल्या कक्षेत येत नाही, असे समितीने कळवले आणि पाच लाइन लीडर महिलाच असल्याचेही जाता जाता नमूद केले. तिन्ही उत्तरांत एकही विधान खोटे नाही. पण बढती मिळालेले दिव्यांग कर्मचारी पुरुष आहेत, त्यांच्या समाजाचे दोन्ही लाइन लीडर पुरुष आहेत आणि त्या पाच महिलांपैकी कोणी दिव्यांग नाही की अनुसूचित जातीची नाही, हे तिन्ही कागद शेजारी ठेवून पाहीपर्यंत माझ्याही लक्षात आले नव्हते.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. महिलांचे प्रसाधनगृह वरच्या मजल्यावर आहे आणि दिव्यांगांसाठीचे तळमजल्यावर, पण ते पुरुषांच्या प्रसाधनगृहाच्या आत आहे. ताई पाळीच्या आठ तासांत पाणी जवळजवळ पीतच नाहीत, हे त्यांनी मला अगदी सहज, तक्रारीचा सूर न लावता सांगितले. दुसरी गोष्ट अशी की, सफाई कर्मचारी गैरहजर असला की वरच्या प्रसाधनगृहाची सफाई हमखास त्यांच्याकडे येते, एकदा तर मुकादम चारचौघांत म्हणाला, “तुम्हाला काय, सवयच असेल.”

माझे प्रश्न असे आहेत. अशी तक्रार एकत्रित ऐकण्याला कायद्याचा काही आधार आहे का? एकाच व्यक्तीवर अनेक भेदभाव एकत्र येतात तेव्हा ते एकत्रच पाहावेत, असे आंतरछेदी दृष्टिकोन म्हणून जे परिसंवादांत सांगितले जाते, ते कारखान्याच्या मसुद्यात नेमके कसे उतरवावे? आणि बढतीच्या वेळी सेवाज्येष्ठता कायम झाल्याच्या तारखेपासून मोजतात, हा नियम सर्वांना सारखाच लागू असल्याने त्याला हात लावता येणार नाही, असे वरिष्ठ म्हणतात. ते बरोबर आहे का?

तीनहातनाका (नौपाडा, ठाणे)

ताई, मी वकिली करतो, म्हणून आधी कायद्यापुरते लिहितो. आपण दिलेली तिन्ही उत्तरे वाचताना अमेरिकेतला 1976 चा एक निकाल आठवला. पाच कृष्णवर्णीय महिलांनी जनरल मोटर्सविरुद्ध दावा लावला होता. कंपनीने 1964 पूर्वी कृष्णवर्णीय महिलांना कामावर घेतलेच नव्हते आणि पुढे मंदीत सेवाज्येष्ठतेनुसार कपात झाली, तेव्हा 1970 नंतर लागलेल्या सगळ्या कृष्णवर्णीय महिलांची नोकरी गेली. न्यायालयाचे म्हणणे असे पडले की, कंपनीत महिला आहेत, म्हणून हा लिंगभेद नाही; वर्णभेदाचा दावा करायचा तर तो स्वतंत्रपणे करावा; दोन्ही एकत्र करून नवा संरक्षित वर्ग निर्माण करता येणार नाही. कंपनीतल्या त्या महिला गोऱ्या होत्या आणि कृष्णवर्णीय कामगार मुख्यतः पुरुष होते, ही गोष्ट त्यामुळे बाजूलाच राहिली. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये या आणि अशा खटल्यांच्या आधारे आपली मांडणी केली आणि आपण ज्याला आंतरछेदी दृष्टिकोन म्हणता, तो शब्द तेथून रूढ झाला.

त्यांचा दाखला चौकाचा आहे. मी रोज तीन हात नाका ओलांडतो, त्यामुळे मला तो लगेच पटला. चौकात मधोमध उभ्या असलेल्या माणसाला कोणत्याही बाजूने धडक बसू शकते आणि कधी कधी दोन बाजूंनी एकाच वेळी बसते. अशा वेळी ‘आधी सांगा, गाडी मुलुंडकडून आली की घोडबंदरकडून, मगच रुग्णवाहिका पाठवू’ असे म्हणण्यासारखे आपले अर्ज आहेत.

आपल्याकडचा सर्वांत थेट निकाल सर्वोच्च न्यायालयाचा आहे : पटन जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य, एप्रिल 2021. बलात्काराच्या या खटल्यातली पीडिता जन्मांध होती आणि अनुसूचित जातीची होती. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालपत्रात लिंग, जात आणि दिव्यांगत्व एकमेकांत कसे गुंतते, याची सविस्तर चर्चा आहे. बलात्काराबद्दलची जन्मठेप कायम राहिली. परंतु अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या अत्याचार प्रतिबंध अधिनियमाखालील शिक्षा मात्र टिकली नाही, कारण त्या कलमाच्या जुन्या शब्दरचनेप्रमाणे गुन्हा पीडितेच्या जातीच्या कारणावरून घडला हे सिद्ध व्हावे लागे आणि तसा पुरावा न्यायालयापुढे नव्हता. 2016 च्या जानेवारीत लागू झालेल्या दुरुस्तीने तेथे जातीची ‘माहिती असणे’ पुरेसे ठरवले आहे. म्हणजे न्यायालयाला गुंता दिसतो, तो ते शब्दांत मांडते, आणि तरीही कायद्याच्या एकेका कलमाची शब्दरचना आड येऊ शकते. आपल्या मसुद्यासाठी मला हाच सर्वांत मोठा धडा वाटतो.

संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये ‘केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या किंवा यांपैकी कोणत्याही कारणावरून’ अशी भाषा आहे. त्यातील ‘केवळ’ या शब्दावर बोट ठेवून एकट्या-दुकट्या कारणाचाच विचार करण्याची सवय आपल्याकडे फार काळ राहिली. तो अनुच्छेद मुख्यतः राज्यसंस्थेला बांधतो. खासगी कारखान्याविरुद्ध आपल्याला वेगवेगळे अधिनियमच वापरावे लागतील. ते असे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या व्याख्येनुसार दिव्यांग व्यक्तीला वाजवी सोय (म्हणजे तिच्या गरजेनुसार करता येण्याजोगा बदल) नाकारणे हासुद्धा भेदभाव आहे, आणि कलम 21 खाली प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावे लागते. 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात बढतीपूर्व प्रशिक्षण, अडथळामुक्त वावर आणि संपर्क अधिकारी यांचाही उल्लेख असावा लागतो. ते धोरण राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायचे असते. आपल्या कंपनीने ते नोंदवले आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. पुष्कळ ठिकाणी ते नुसते संकेतस्थळावर असते.

सफाईचा मुद्दा हलक्यात घेऊ नये. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 च्या कलम 7-क प्रमाणे अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला झाडलोट किंवा सफाई करायला भाग पाडणे हा गुन्हा आहे आणि मुकादमाचे ते वाक्य ‘कारण’ कोणते होते हेच सांगते. ते चारचौघांत उच्चारले गेले असल्याने अत्याचार प्रतिबंध अधिनियमही तपासावा लागेल. त्या वेळी कोण कोण हजर होते, ते आजच लिहून ठेवावे; सहा महिन्यांनी कोणालाही काही आठवत नाही.

अंतर्गत समितीचे उत्तर मात्र कायद्याला धरून आहे. 2013 च्या अधिनियमाने तिला लैंगिक छळापुरतेच अधिकार दिले आहेत, त्यामुळे सगळी ओझी तिच्याकडे देता येणार नाहीत. चौकशी एकत्र करावी, नोंद एकच असावी आणि त्या नोंदीतून ज्या त्या कायद्याखालचा भाग ज्या त्या अधिकाऱ्याकडे जावा, असा मसुदा करण्यास कोणतीही आडकाठी नाही. शिवाय लैंगिक छळाच्या तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते आणि ती समिती फार तर आणखी तीन महिने वाढवू शकते. चुकीच्या रकान्यात अडकून ही मुदत निघून जाऊ नये, म्हणून पहिल्या अर्जाची तारीख सर्वत्र ग्राह्य धरण्याची तरतूद आपण आपल्या पद्धतीत जरूर करावी. कायद्याची मुदत मात्र तिने वाढत नाही, म्हणून पुढे पाठवणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.

जुना_हिशेबनीस (नेरुळ)

मी आस्थापना विभागातून निवृत्त झालो आहे. सेवाज्येष्ठतेच्या प्रश्नावर वकीलसाहेबांनी दिलेला खटला आपण वरिष्ठांना जसाच्या तसा वाचून दाखवावा. नियम सर्वांना सारखा आहे हे खरे, पण आधी एक हिशेब करून पाहा : पॅकिंगमधील किती जणांची सुरुवात कंत्राटदाराकडे झाली आणि त्यांत महिला किती, अनुसूचित जातीच्या महिला किती? ज्यांना आत घेतानाच मागच्या दाराने घेतले, त्यांची ज्येष्ठता पुढच्या दारापासून मोजली तर त्या कायमच शेवटी राहणार. कंत्राटी काळ निदान बढतीच्या अनुभवात धरता येतो. वेतनश्रेणीत धरायचा की नाही, हा वेगळा आणि खर्चाचा प्रश्न आहे, त्यात आत्ता पडू नये.

आकड्यांबाबत माझा आग्रह एकच आहे : बेरजा उभ्या घेतल्या तशा आडव्याही घ्याव्यात. समजा, 18 लाइन लीडर आहेत, त्यांत महिला पाच, अनुसूचित जातीचे दोन आणि दिव्यांग एक. तिन्ही रकाने भरलेले दिसतात आणि अहवाल साजरा होतो. आता विचारा, अनुसूचित जातीच्या महिला किती? शून्य. दिव्यांग महिला? शून्य. ताईंना मिळालेली तिन्ही उत्तरे याच उभ्या बेरजांतून आली आहेत.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या घरांत ही कल्पना नवी नाही. आपल्या राज्याच्या सेवाभरतीत जातीचे आरक्षण उभे चालते आणि महिला 30 टक्के, दिव्यांग 4 टक्के, प्रकल्पग्रस्त, खेळाडू, अनाथ ही समांतर आरक्षणे त्याला आडवी छेदून जातात. आरक्षणाविषयीच्या इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये दिलेल्या निकालाने हा उभा-आडवा फरक स्पष्ट केला होता. तेथे एक गंमतही घडते. एकच उमेदवार अनुसूचित जातीची, महिला आणि दिव्यांग असेल, तर ती तीन ठिकाणी मोजली जाते. सरकारी भरतीत ते नियमानेच होते. पण खासगी कंपन्यांच्या विविधतेच्या अहवालांत याचा सर्रास गैरवापर होतो. एका बाईची नेमणूक झाली की तीन यशे छापून येतात आणि पुढची पाच वर्षे तिच्यासारखी दुसरी कोणी घेतली जात नाही.

नवी मुंबईत राहणाऱ्याने तर हे लवकर ओळखायला हवे. 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली आणि येथल्या 95 गावांच्या जमिनी संपादनात घेतल्या गेल्या. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या 1984 च्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले आणि त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. हा आगरी-कोळी समाजाचा मोठाच विजय होता. पण मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाने ठरतो. जिने चिखलात उभे राहून भात लावला, तिचे नाव उताऱ्यावर सहसा नसे, आणि दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणाऱ्या बाईकडे तर दाखवायला उताराच नव्हता. ‘प्रकल्पग्रस्त’ हा एक शब्द वापरला की ही सगळी माणसे एकाच ओळीत उभी आहेत असे वाटते.

एक सावधगिरी मात्र हवी. आडव्या बेरजेत तक्त्यातले घर लहान होते, आणि एखाद्या घरात एकच व्यक्ती असेल तर नाव न लिहिताही ती कोण हे सगळ्या कारखान्याला कळते. जात आणि दिव्यांगत्वाची माहिती स्वेच्छेने घ्यावी, ती दोघांपेक्षा जास्त जणांच्या हाती नसावी आणि पाचपेक्षा लहान आकडा फलकावर लावू नये. कंत्राटदाराच्या मस्टरवरची माणसे मात्र मोजणीतून सोडू नका. बहुतेक ठिकाणी खरा गुंता तेथेच असतो आणि तीच यादी कोणी मागत नाही.

पहाटपाळी (पाचपाखाडी)

चर्चा उत्तम चालली आहे, तरी एक शंका मांडतो. मी 30 वर्षे कामगार संघटनेत काढली. ‘कामगार’ या एका नावाखाली माणसे एकत्र आली म्हणून तर 1969 चा माथाडी कायदा झाला; तेथे प्रत्येक जातीचा आणि गावाचा वेगळा हिशेब मांडत बसलो असतो, तर मालकांनी आम्हाला एकेक करून गाठले असते. आता स्त्री, त्यात दलित, त्यात दिव्यांग, त्यात कंत्राटी अशा फोडी करत गेलो, तर शेवटी प्रत्येक माणूस एकटाच उरेल आणि एकट्याची तक्रार कोण ऐकणार? शिवाय ‘कोणावर अन्याय जास्त’ याची चढाओढ सुरू होते, ती मी बैठकांत पाहिली आहे आणि ती फार कडवट असते.

पायरीवरची (कळवा)

पहाटपाळीकाका, चढाओढीबद्दल आपण लिहिलेत ते खरे आहे आणि ती मीही सोसली आहे. मी दिव्यांग आहे, बौद्ध आहे आणि दिव्यांगांच्या संघटनेत काम करते. पण आपण म्हणता त्या एकजुटीत कोणाचा चेहरा पुढे असतो, तेवढे पाहावे. बाजार समितीच्या गाळ्यावरचा कामगार म्हटले की पाठीवर पोते घेतलेला हमाल डोळ्यांपुढे येतो. त्याच गाळ्यावर धान्य निवडत, सांडलेले गोळा करत बसलेली बाई येत नाही. फोडी आम्ही करत नाही, काका. त्या आधीच झालेल्या असतात. आमच्या बाजूची फोड मोजली जावी, इतकेच मागणे आहे.

अगदी रोजचे सांगते. ठाण्याहून वाशीला लोकलने जाताना माझ्यापुढे दोन डबे असतात. महिलांच्या डब्यात कुबडी घेऊन शिरणे सकाळी नऊला शक्य नसते. दिव्यांगांच्या डब्यात शिरता येते, पण तेथे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांतले कित्येक धडधाकटही असतात. तेथे झालेल्या धक्क्यांबद्दल बोलले की, ‘मग लेडीजमध्ये जा ना’ हे उत्तर तयार असते. माझ्यासाठी दोन सोयी आहेत असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात मी नऊची गाडी सोडून साडेदहाची पकडते आणि माझे काम त्या वेळेला जुळवून घेते. आपल्या कारखान्यातल्या ताई पाणी पीत नाहीत आणि मी गाडी सोडते. अशा गोष्टी कोणत्याच तक्रारवहीत येत नाहीत, कारण आम्ही त्या आधीच स्वतःवर घेऊन मिटवलेल्या असतात.

हा विचार परदेशी आहे, असेही बैठकांत ऐकावे लागते. 1855 मध्ये मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या 14 वर्षांच्या मातंग मुलीने ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, त्यात या जातींच्या बाळंतिणींच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिने लिहिले आहे. बाळंतपण सगळ्याच बायकांना आहे आणि दारिद्र्य त्या जातीच्या पुरुषांनाही आहे. पण उघड्यावर बाळंत होणे हे कोणाच्या वाट्याला येते, हे त्या मुलीने नेमके टिपले. क्रेनशॉ यांच्या लेखाला तेव्हा 134 वर्षे अवकाश होता. ‘आंतरछेदी’ हा शब्द मला आवडत नाही, भूमितीच्या वहीतला वाटतो. पण गोष्ट आपल्याच घरातली आहे.

खाडीकाठचीताई, आता मसुद्याबद्दल. अर्जातला ‘प्रकार’ हा रकाना पहिल्या पानावरून काढून टाका. पहिला प्रश्न ‘काय घडले?’ एवढाच असावा, दुसरा ‘कोणाच्या बाबतीत असे घडत नाही?’ असा असावा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तक्रारदाराला नेहमी ठाऊक असते, पण ते कोणी विचारतच नाही. प्रकार ठरवणे हे आपल्या विभागाचे काम आहे आणि त्यात हव्या तितक्या खुणा करता आल्या पाहिजेत. अर्ज मराठीत व हिंदीत असावा आणि तोंडी सांगितलेले लिहून घेण्याची सोय असावी. सोबत कोणाला आणायचे हे ताईंनी ठरवावे. चौकशी समितीत एक महिला, एक दिव्यांग आणि एक अनुसूचित जातीचा असे तीन प्रतिनिधी बसवून काम भागत नाही. ते तिघेही आपापल्या रकान्याची राखण करू लागतात, हे मी पाहिले आहे. एक तरी व्यक्ती अशी असावी की, जिने निदान दोन गोष्टी एकत्र भोगल्या आहेत.

आणि प्रसाधनगृहासाठी चौकशी अहवालाची वाट पाहू नका. तळमजल्यावरच्या त्या खोलीला बाहेरून स्वतंत्र दार पाडता येते का, हे गवंड्याला विचारा. आतले दार विटांनी बंद केले की काम झाले.

खाडीकाठची (ऐरोली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चार दिवसांनी लिहीत आहे, कारण दरम्यान काही गोष्टी करून पाहिल्या.

समान संधी धोरण आमच्या संकेतस्थळावर होते, आयुक्तांकडे नोंदवलेले नव्हते. वकीलसाहेबांचा अंदाज खरा ठरला. तिन्ही अर्ज एकाच क्रमांकाखाली घेऊन नोंदीवर पहिल्या अर्जाची तारीख घातली आहे. मुकादमाच्या वाक्याच्या वेळी हजर असलेल्या दोघींनी लेखी दिले. तिसऱ्याने ‘माझे नाव नको’ म्हटले आणि मी आग्रह धरला नाही. ते वाक्य आणि सफाईचा मुद्दा चौकशीत आता स्वतंत्र मुद्दा म्हणून लिहिला आहे, शेऱ्यात नव्हे. ज्येष्ठतेबाबत वरिष्ठांनी कंत्राटी काळ अनुभवात धरण्यावर विचार करण्याची तयारी दाखवली आहे. त्यांनी होकार दिलेला नाही, पण नियमाला हात लावता येणार नाही हे वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारले नाही.

‘कोणाच्या बाबतीत असे घडत नाही?’ हा प्रश्न मी काल ताईंना विचारला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग एकेक नाव, पाळी आणि तारीख घेऊन त्यांनी जे सांगितले, त्याने माझी चार पाने भरली. तिन्ही अर्जांत मिळून त्यांनी जेमतेम दहा ओळी लिहिल्या होत्या.

गवंडी येऊन पाहून गेला. बाहेरच्या बाजूला पाण्याची वाहिनी आहे, ती दोन फूट सरकवावी लागेल आणि काम एका रविवारी होईल असे तो म्हणतो. वरच्या जिन्याला 22 पायऱ्या आहेत. कठडा एकाच बाजूला आहे, आणि उतरताना तो उजव्या हाताला येतो. कंत्राटदाराकडे मस्टर मागितले आहे. त्याने दोनदा फोन उचललेला नाही.